लागोपाठ दोन बायका

नेल्डा प्रूइट आमच्या रेडिओ स्टेशनवर एकतीस वर्षं गाण्यांची यादी करत होती. कुठलं गाणं किती वाजता, कुणाच्या मागं कोण, हे ती ठरवायची आणि मी मुकाट वाजवायचो. सगळ्या काउंटीला माझा आवाज पाठ, तिचं नाव मात्र कुणाला ठाऊक नाही. दुकानात लोक मला अडवून म्हणायचे, "हॉइट, काल काय झकास गाणी लावलीस!" आणि मी निर्लज्जासारखा थँक्यू म्हणायचो.

तिच्या टेबलावर दोन रंगीत पेन्सिली असत. गाणारा पुरुष असेल तर निळी, बाई असेल तर गुलाबी. यादी झाली की ती पट्टी धरून वरपासून खालपर्यंत नजर फिरवायची. दोन गुलाबी ओळी एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या की त्यातली एक उचलून खाली. कारण कंट्री संगीताच्या रेडिओचा नियमच तसा होता: लागोपाठ दोन बायका लावायच्या नाहीत, लोक स्टेशन बदलतात. हे कुणी शोधून काढलं ते विचारू नका. कधीतरी कुणी टायवाला सल्लागार येऊन बोलून गेला असेल, आणि आम्ही ते बायबलच्या खालोखाल मानलं. ट्रक, बिअर आणि तंग जीन्सवाली पोरगी यांवर एकाच चालीत रेकणारे पाच बाप्ये मी लागोपाठ वाजवायचो, तेव्हा मात्र कुणी स्टेशन बदलत नसे म्हणे.

मग एका मार्चमध्ये जोली हेन्स्लीचं गाणं आलं. जोली आमच्या गावातल्या डायनरमध्ये पहाटेपासून नाश्त्याची पावासारखी बिस्किटं भाजणारी, चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी. तिची आई ज्या मोज्यांच्या कारखान्यात होती तो बंद पडला, त्यावर तिनं गाणं केलं आणि मामेभावाच्या गॅरेजमध्ये रेकॉर्ड केलं. आमचा मालक डॉइल रोज त्याच डायनरमध्ये नाश्ता करतो. बिस्किटं खाता खाता तो कबूल करून बसला की येत्या शनिवारी बाराच्या शोकवार्तांनंतर तुझं गाणं एकदा लावू.

आमच्याकडे शोकवार्ता सगळे ऐकतात. कोण गेलं, दफन कधी, नंतरचं जेवण कुठल्या चर्चमध्ये, हे चुकवून चालत नाही. त्यानंतरची दोन गाणीही त्याच ओघात ऐकली जातात, मग लोक रेडिओ बंद करून जेवायला बसतात. म्हणजे खरी जागा दोनच गाण्यांना. त्यातली पहिली डॉइलनं, जिथं कंट्रीच्या रेकॉर्डी निघतात त्या नॅशव्हिलच्या एका बड्या गायिकेला आधीच देऊन टाकली होती. झालं, त्या वेळेची बाई संपली. नेल्डानं पट्टी फिरवली आणि जोलीला पावणेतीनवर नेऊन ठेवलं. पावणेतीनला आमचं स्टेशन गायीसुद्धा ऐकत नाहीत.

गुरुवारी जोली केळ्याच्या पुडिंगचं भांडं घेऊन आली.

"मिस नेल्डा, हे तुमच्यासाठी. मम्मा म्हणाली, रिकाम्या हातानं जाऊ नकोस."

"अगं, कशाला एवढं?"

"शनिवारी शोकवार्ता झाल्या झाल्या ना? आम्ही इथंच येणार आहोत. तुमच्या पार्किंगमध्ये गाडी लावून गाडीच्या रेडिओवर ऐकणार. मम्मा म्हणते टॉवरच्या खाली अगदी ताजं ताजं मिळत असेल."

नेल्डा नुसतं "हो गं" म्हणाली. पोरगी उड्या मारत गेली. पुडिंगला नेल्डानं हात लावला नाही, ते मीच ओढलं.

"पावणेतीनचं सांगायचंस ना तिला," मी भरल्या तोंडानं म्हणालो.

"मीही तिथंच बसायचे," ती म्हणाली.

"कुठं?"

"पार्किंगमध्ये. चौऱ्याऐंशी साली. माझी एक रेकॉर्ड निघाली होती, हॉइट. तेव्हाचे मॅनेजर म्हणाले, लावतो. तीन आठवडे रोज बारा वाजता गाडीत बसले. मग आत येऊन विचारलं, तर म्हणाले, गाणं गोड आहे बाळ, पण आमची बाई झालेली असते."

"मग?"

"मग म्हणाले, तुझं अक्षर कसं आहे?"

मी चमचा खाली ठेवला. वीस वर्षं या बाईच्या शेजारच्या खोलीत बसतोय, आणि ती गायची हे मला माहीत नाही. मी कधी विचारलंच नव्हतं. स्वतःची अशी लाज मला फार थोड्या वेळा वाटली आहे.

तिनं खोडरबर घेतलं, पावणेतीनची ओळ पुसली आणि बाराच्या दुसऱ्या जागी जोलीचं नाव लिहिलं. गुलाबीच्या खाली गुलाबी.

शुक्रवारी डॉइलनं यादी उचलली.

"नेल्डा, इथं चूक झालीय."

"चूक नाही."

"अगं, दोघी लागोपाठ आल्यात."

"दिसतंय मला. मीच लिहिलंय."

डॉइल वाईट माणूस नाही, भित्रा आहे. "हे बघ," तो म्हणाला, "एका जरी माणसानं बायकांबद्दल कुरकूर केली, तर सोमवारपासून यादी कॉम्प्युटर करेल. शहरातली एक कंपनी त्यासाठी कधीची माझ्या मागं लागलीय. मग मला बोल लावू नकोस."

"बरं," म्हणून ती पेन्सिलीला टोक करू लागली. पण टोक दोनदा मोडलं. ती यादी गेली तर तिच्याजवळ गाण्यातलं काही उरणार नव्हतं.

शनिवारी मी शोकवार्ता वाचल्या. खिडकीतून जोलीच्या आईची पांढरी गाडी दिसत होती. बड्या बाईचं गाणं झालं, लगेच जोलीचं सुरू केलं. अर्धं झालं नाही तोच फोनचे दिवे पेटले. डॉइल माझ्या पाठीमागं हाताची घडी घालून उभा.

पहिला फोन अर्थात व्हर्जिल टॅकेटचा. निवृत्त झाल्यापासून 'याला कंट्री म्हणायचं का?' एवढा एकच उद्योग त्यानं मांडला आहे.

"हॉइट, हे काय लावलंस? स्टील गिटार कुठाय? फिडल कुठाय? याला कंट्री म्हणायचं?"

"मोज्यांच्या कारखान्याचं गाणं कंट्री नाही, तर काय रे?"

"कारखाना कंट्री आहे. ड्रम नाही!"

दुसरी एक म्हातारी. "व्हर्जिलचा फोन येऊन गेला असेलच. त्याला म्हणावं, तोंड आवर. बावीस वर्षं होते मी त्या कारखान्यात. पोरीनं खरं गायलंय."

असे अकरा फोन आले. शेवटचा घेऊन झाल्यावर डॉइलनं हळूच विचारलं, "बायकांबद्दल?"

"सात जण स्टील गिटारवरून भांडले, तिघांना गाणं परत हवंय. एकीनं मिसेस ऑलरेडच्या दफनाची वेळ विचारली."

डॉइलनं डोकं खाजवलं आणि घरी जेवायला गेला.

मी धावत नेल्डाकडे गेलो. वाटलं, हसेल. तिनं ऐकून घेतलं आणि पट्टी टेबलावर आपटली.

"एकतीस वर्षं! अरे, दोघी लागोपाठ लागल्या, कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही! किती पोरींना पावणेतीनला धाडलं मी, हॉइट? स्वतःच्या हातानं!"

ती रडायला लागली. मीही वीस वर्षं तेच वाजवत होतो, तिची समजूत कुठल्या तोंडानं काढणार? मी तसंच सांगितलं आणि तिच्याजवळ बसून राहिलो. बाहेर जोलीची आई गाडीचा हॉर्न वाजवत होती, थांबायचं नावच घेत नव्हती.

सोमवारची यादी हातात आली ती सगळी साध्या काळ्या पेन्सिलीत. कोण बाई, कोण बाप्या, कळायला मार्ग नाही. बाराच्या शोकवार्तांनंतर दुसऱ्या जागी लिहिलं होतं: नेल्डा प्रूइट, दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंद. सोबत भांडी पुसायच्या फडक्यात गुंडाळलेली छोटी रेकॉर्ड.

"नाव काय म्हणून सांगू?" मी विचारलं.

"काही सांगू नकोस. नुसती वाजव."

बारा वाजायच्या आत तिनं पर्स उचलली आणि बाहेर गेली. पार्किंगमध्ये स्वतःच्या गाडीत बसली, काच वर केली. मी शोकवार्ता वाचल्या, पहिलं गाणं लावलं, मग तिची रेकॉर्ड ठेवून सुई टेकवली. आधी खरखर, मग स्टील गिटार, मग एका बावीस वर्षांच्या मुलीचा स्वच्छ आवाज. खिडकीतून मला तिचे स्टिअरिंगवर ठेवलेले दोन्ही हात दिसत होते.

फोनचा दिवा लागला. व्हर्जिल.

"हॉइट! याला म्हणतात कंट्री! ही नवी पोरगी कोण रे?"

मी खिडकीतून तिच्या गाडीकडे पाहिलं.

"कोण का असेना, तिला माझा निरोप दे. म्हणावं, रेडिओवाले काहीही बरळतात, तू गाणं सोडू नकोस."

"फोन ठेवू नकोस, व्हर्जिल," मी म्हणालो. "तूच सांग तिला." आणि रिसीव्हर टेबलावर ठेवून पार्किंगकडे धावलो.