बरणीतला चापडा

साप चावला की तो मारून दवाखान्यात न्यायचा, म्हणजे डॉक्टरांना नेमकं औषध देता येतं, अशी आमच्याकडची समजूत. शेजारचे काका दवाखान्याच्या दारात लोणच्याच्या बरणीत मेलेला हिरवा चापडा साप घेऊन उभे होते. आत काकू सुजलेला हात धरून कण्हत होत्या.

"ह्या सापावर लस नाही," डॉक्टर म्हणाले. "तसं संशोधनच झालेलं नाही."

माझं डोकंच फिरलं. हा साप काय काल आलाय इथे? पिढ्यान्‌पिढ्या आमच्या बागांत चावतोय. पण चावतो काजू वेचणाऱ्या बायकांना, मग त्याचं विष तपासायची घाई कुणाला?

"निदान हा तरी ठेवून घ्या तपासायला," काका म्हणाले.

नर्सने साप कचऱ्यात टाकला आणि बरणी स्वच्छ धुऊन परत दिली.