गंगाधरपंतांची कार्डं

भोरला एका वकिलांकडे गंगाधरपंत कारकून होते. पक्षकारांच्या करारांच्या मुदती सांभाळणं हे त्यांचं काम, आणि ते त्यांनी देवपूजेसारखं धरलं होतं. करार झाला, की पक्षकाराच्या पत्त्याचं पोस्टकार्ड ते लगोलग लिहून ठेवत. पाडव्याला नवं पंचांग आलं, की ज्याची मुदत त्या साली भरणार, त्याचं कार्ड महिनाभर आधीच्या तिथीच्या पानात जायचं. रोज सकाळी पंचांग उघडायचं, कार्ड निघालं की टपालात टाकायचं. तेवीस वर्षांत एक मुदत चुकली नव्हती, आणि हे ते कुणी न विचारताही सांगत.

एकतीस साली आषाढ अधिक आला, म्हणजे आषाढ दोन: आधी अधिक, मग निज, म्हणजे खरा. अधिकातल्या पौर्णिमेला पासलीच्या साळूबाईंचं कार्ड निघालं. त्यांच्या बांधावरच्या हिरड्यांचा मक्ता भोरच्या चिमाजीशेटकडे होता. आषाढी पौर्णिमेच्या आत 'नको' म्हणून लिहून दिलं नाही, तर तो आपसूक आणखी पाच वर्षं चालायचा. झाडं नवऱ्यानं राखलेली. तो गेला, आणि मक्त्यापायी बाईंना आपल्याच झाडाखालचा हिरडा उचलायची चोरी झाली. हे त्यांना फार लागलं होतं.

पोस्टमननं कार्ड वाचून दाखवलं, तशी बाई इरलं घेऊन, ओढे ओलांडत भोरला आल्या. पंतांनी 'मक्ता नको' अशी नोटीस लिहून शेटना बोलावणं धाडलं. शेट आले ते हसतच.

"पंत, पौर्णिमा कधीच झाली. करारात नुसता 'आषाढ' लिहिलाय. निज म्हणून कुठं आहे?"

पंतांनी कागद पाहिला. अक्षर त्यांचंच होतं आणि 'निज' खरंच नव्हतं. तेवीस वर्षांची फुशारकी एका शब्दापायी पाण्यात जायची वेळ आली.

साळूबाई पदर सारखा करून म्हणाल्या, "शेट, ह्या म्हैन्यात जावई आलं व्हतं का तुमच्याकडं?"

"आले होते की! धोंड्याचा महिना, जावयाला जेवायला नको बोलवायला?"

"मंग ह्यो म्हैना धोंड्याचा झाला. धोंडं जावयाला, आन् आषाढ तेवढा माज्या माथी?"

पंतांना हसू आवरेना. शेटही हसले, जावयाला वाढलेलं नाही कसं म्हणणार? नोटिशीवर त्यांनी पोच म्हणून सही केली आणि पुटपुटत दुकानाकडे गेले.

"साळूबाई, चूक माझीच," पंत म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडी नवं होतं.

"असूं द्या. कार्ड तर येळंला आलं. माज्या नावाचं टपाल जल्मात पयलंच."

पुढच्या पाडव्याला पंत नव्या पंचांगात कार्डं घालत बसले. साळूबाईंचं अर्थातच नव्हतं. आषाढाच्या पानाशी त्यांचा हात थांबला. मग त्यांनी एक कोरं कार्ड ओढलं आणि सावकाश लिहिलं:

"साळूबाईंस नमस्कार. यंदा तुमची कसलीही मुदत नाही."