कडब्याच्या गंजीआड

सासरहून पत्र आलं. वडिलांनी ते वाचलं आणि आईकडे दिलं. आईनं माळ्यावरून ट्रंक काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाई सोडली.

ही गोष्ट सहा वर्षांपूर्वीची, लढाई चालू असतानाची. माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. यजमान पलटणीत कारकून होते, आज या छावणीत तर उद्या त्या, म्हणून मी माहेरीच होते. दिवाळीत त्यांना रजा मिळाली. त्यातले दहा दिवस ते वाईला राहिले आणि परत गेले. महिन्यानं सासूबाईंचं पत्र आलं. त्यांनी ते कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं: पोरगा पलटणीत परत गेला, मी एकटी आहे, सुनेला धाडा.

वडील शाळामास्तर. मोटारीपाशी उभे राहून ते म्हणाले, "काही झालं तरी लिहून कळव." आईनं माझ्या हातात डबा दिला आणि त्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "सगळं लिहायचं नसतं, इंदू." मी दोघांनाही हो म्हटलं.

तेव्हा पेट्रोल मिळत नसे. मोटारीच्या मागे कोळशाची टाकी बसवलेली असायची आणि तिच्या गॅसवर मोटार चालायची. चढ आला की आम्ही सगळे उतरून चालायचो. कराडला मोटार बदलली तोवर मला दोनदा उलटी झाली होती. मी धुराला दोष दिला. शेजारी माझ्याच वयाची एक बाई येऊन बसली होती. तिनं कनवटीची चिंच काढून माझ्यापुढे धरली आणि विचारलं, "कितवा?"

"कितवा काय?"

"म्हयना, बाई. मी काय शेंगा मोजतीया व्हय?"

ही हिरा. ती मावशीकडून परत निघाली होती. बोलता बोलता कळलं की तिचं घर माझ्या सासरच्याच आळीत, कडेगावच्या अलीकडच्या त्याच गावात. तिचा नवराही दिवाळीत रजेवर येऊन गेला होता. मग ती माझ्या कानाशी आली. "मला बी हाय. पर कुनाला बोलू नगा, वैनी. आदी दोन गेली, दोनी तिसऱ्या म्हयन्यात. आता आत्याबाई म्हनत्यात, हे बी गेलं तर धाकली आनायची."

आत्याबाई म्हणजे तिची सासू आणि धाकली म्हणजे सवत. हे सगळं तिनं चिंच चोखत सांगितलं. मला मात्र पुढचा रस्ता दिसेना.

ती सासू दुष्ट नव्हती, हे मी इथेच लिहून ठेवते. तिला एकच मुलगा, आणि तो लढाईवर. तिला घाई होती.

गावात मी कुणाला आवडले नाही. माझं बोलणं पुस्तकातलं, चालणं घाटाच्या पायऱ्यांवरचं. डोक्यावर घागर घेता येईना. आळीनं माझं नाव मास्तरीणबाई ठेवलं. पण आठ दिवसांत हिरा मला ताराक्काच्या परसात घेऊन गेली.

ताराक्काचं वय पस्तिशीचं असेल. तिला पाच मुलं, थोरली सोना तेरा वर्षांची. तिचा नवरा सुभेदार, आणि त्यालाही दिवाळीतच रजा मिळाली होती. आम्हा दोघींकडे एकदा बघून ती मटकन खाली बसली आणि हसत सुटली. "तुमचं बरं हाय गं. माझी मातर लाजच हाय. लेक पदर घ्यायला आली अन् आय वकाऱ्या काढतीया. सरकारनं रजा मालकाला दिली, मला कवा देनार?"

ते दिवस गुऱ्हाळांचे होते. सगळ्या गावावर उकळत्या रसाचा वास पसरायचा. लोकांना तो गोड लागायचा, आम्हाला तो आला की भिंत धरावी लागायची. तीन महिने पुरे होईपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही, ही तिकडची रीत. म्हणून विचारणाऱ्याला आम्ही पित्त झालं म्हणून सांगायचो. त्या हिवाळ्यात आमच्या एका आळीत तीन बायकांना पित्त झालं, आणि तिघींचेही नवरे पलटणीत होते. कुणाला संशय आला नसेल असं मला वाटत नाही.

या रीतीतली चूक मला तेव्हा कळली. ज्या दिवसांत बाईनं जपायचं, त्याच दिवसांत तिला नेहमीसारखं सगळं करून दाखवावं लागायचं. विहीर गावाबाहेर होती. हिराला रोज आठ खेपा कराव्या लागत, आणि सासू उंबऱ्यात बसून त्या बघायची. खेपा कमी झाल्या तर कारण सांगावं लागणार. कारण सांगितलं तर सासू दिवस मोजत बसणार, आणि या खेपेलाही काही झालं की बोलायला दुसरं काही उरणार नाही.

तोड ताराक्कानं काढली. विहिरीवरून येताना तिच्या परसातून वाट होती आणि तिथं कडब्याची मोठी गंज रचलेली होती. हिरानं विहिरीवरून घागर अर्धीच भरून आणायची. गंजीआड ताराक्कानं आपल्या घागरीतलं पाणी तिच्यात ओतायचं आणि स्वतः पुन्हा विहिरीवर जायचं. तिथून हिराच्या उंबऱ्यापर्यंत चाळीस पावलं. तेवढंच ओझं हिराचं.

मी म्हटलं, "आणि तुम्ही? तुम्हालाही दिवस आहेत."

"माज्या पोटातलं सहावं हाय. त्याला सवय हाय," ताराक्का म्हणाली. "तू मातर निस्ती कळशी घे, मास्तरीण. तुजी पयली येळ हाय." तिनं जुन्या लुगड्याची चुंबळ वळून माझ्या डोक्यावर ठेवली.

गंजीआड आम्ही मिनिटभर उभ्या राहायचो. सगळं बोलणं त्या मिनिटात. ओटीपोटात ओढ लागते ती बरी की वाईट? चुलीची माती खावीशी वाटते, खाल्ली तर? काल दिवसभर मळमळलं नाही, याचा अर्थ काय? हिराचा हा शेवटचा प्रश्न रोज असायचा. मळमळलं नाही की ती घाबरायची आणि उलटी झाली की खूष व्हायची. मी वर्नाक्युलर फायनल पास झाले होते. आरोग्याच्या पुस्तकात माणसाच्या शरीरात हाडं किती ते होतं. हे त्यात नव्हतं. ताराक्काला सही येत नव्हती, पण प्रत्येक प्रश्नाला तिच्याकडे उत्तर होतं आणि ठाऊक नसलं तर ती "ठावं न्हाई गं" म्हणायची. हे म्हणणारी माणसं मला शाळेतही फारशी भेटली नव्हती.

काळजी गंजीचीही होती. ती मागच्या सालची होती. बैलांना कडबा पडत होता आणि गंज रोज वीतभर खाली येत होती. अशीच उतरली तर संक्रांतीच्या आत हिराच्या उंबऱ्यावरून आमची डोकी दिसली असती. तेव्हा ताराक्का गुऱ्हाळावरून उसाचं वाढं आणून बैलांना घालू लागली. तिचे सासरे ओरडले, "कडबा काय लग्नाला ठिवलाय व्हय?" ताराक्का म्हणाली, "व्हय की. सोनीच्या."

संक्रांत झाली. त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी मला दुखायला लागलं. दुपारपर्यंत सगळं झालं होतं. ताराक्का माझ्याजवळ बसून होती.

माझ्या सासूबाई दाराशी उभ्या होत्या. मी आईला पत्रानं कळवल्याचं त्यांना माहीत होतं. त्या म्हणाल्या, "तिसरा म्हयना भरायच्या आदी कागदावर लिवलंस. तितंच चुकलं, पोरी."

मलाही ते खरं वाटलं. वडिलांचं ऐकलं आणि आईचं मोडलं, असं मनात आलं. ताराक्का उठली नाही. बसल्या जागेवरून तिनं उत्तर दिलं, "आवं, कागदानं पोर जातंय व्हय? माज्या पाची बारीला समद्या गावात बोभाटा हुता. एक बी गेलं न्हाई. असं हुतंय कवा कवा. पोरीला च्या द्या आदी." सासूबाईंनी चहा केला.

चार दिवसांनी ताराक्कानं सोनाला पाटी देऊन माझ्याकडे धाडलं. "हिला चार अक्षरं शिकीव. तुजा बी वकूत जाईल." सोना उंबऱ्यात बसून अक्षरं काढायची. तिचा "ल" नेहमी आडवा पडायचा.

मग वाईहून पार्सल आलं. आत हिरवा खण आणि आईची चिठ्ठी: तिसरा पुरा झाला की शिवून घाल, कुणाला दाखवू नकोस. माझं दुसरं पत्र तिला अजून पोचलं नव्हतं. तिसरा महिना भरला की गर्भारशीला गुपचूप हिरवी चोळी घालतात. तिला चोरचोळी म्हणतात. त्या साली कापडाची इतकी टंचाई होती की हा खण आईनं कुठून मिळवला असेल, मला समजेना. मी तो ट्रंकेत पुस्तकांखाली ठेवला.

हिराचा तिसरा पुरा होत आला. पूर्वी एवढी मजल कधी गेली नव्हती. पण तिला आई नव्हती, आणि सासूनं अजून काही विचारलं नव्हतं. मी पुन्हा कळशी घेऊन जायला लागले होते. गंज आता आमच्या खांद्याला लागत होती, म्हणून आम्ही तिच्याआड वाकून उभ्या राहायचो. ताराक्का म्हणाली, "चोरचोळी तर घालाय पायजे. कडेगावात हिरवा खण न्हाई. मी इचारून आली."

मी म्हटलं, "माझ्याकडे आहे."

तो खण कशाचा ते दोघींनाही ठाऊक होतं. ज्या बाईचं गेलं तिचा खण, जिचं दोनदा गेलं आहे तिनं अंगाला लावायचा. हिरा पायाकडे बघत होती. मी म्हटलं, "नको असेल तर राहू दे हिरा. मला राग नाही."

तिनं घागर खाली ठेवली आणि दोन्ही हात बाजूला पसरले. "माप घ्या, वैनी."

ताराक्कानं नाक शिंकरलं. "सैल शीव गं. अजून भरायची हाय ती."

मी तीन दुपारी बसून चोळी शिवली. तिसऱ्या दुपारी सासूबाई माझ्यासमोर येऊन बसल्या. "कुनाची?" मी खरं ते सांगितलं. त्यांनी चोळी हातात घेऊन टाके बघितले. मग म्हणाल्या, "दंडाला आत कापड सोड. म्होरं उसवाय येतंय."

दुसऱ्या दिवशी गंजीआड ताराक्कानं हिराची ओटी भरली. तांदूळ नव्हते, ज्वारीनं भरली. चोळी तिच्या अंगात मी घातली. मी मागे सरत होते, पण ताराक्कानं मला पुढे ओढलं. हिरा पदर घट्ट लपेटून, भरली घागर घेऊन निघाली. आम्ही गंजीवरून बघत होतो. उंबऱ्यात तिनं घागर उतरवायला हात वर केले आणि पदर सरकला. सासूला हिरवी बाही दिसली.

"ही कुनी घातली?"

"मास्तरीनबाईनं. अन् ताराक्कानं."

सासू उठली. तिनं हिराच्या डोक्यावरची घागर दोन्ही हातांनी उचलून घेतली. आळीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ती म्हणाली, "उद्यापासनं पानी मी आनीन."

ताराक्का कडब्याला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "दीड म्हयना आदी कळलं असतं तर माजी मान तरी वाचली असती."

श्रावणात हिराला मुलगी झाली. सासूनं गूळ वाटला. सवतीचं नाव पुन्हा निघालं नाही. ताराक्काला आठ दिवसांनी मुलगा झाला. दोन्ही पोरांना गाव अजून रजेची पोरं म्हणतं.

लढाई संपली. यजमानांना सांगलीत हळदीच्या पेठेत लिहिण्याचं काम मिळालं आणि आम्ही इकडे आलो. इथं अंगणात नळ आहे. मी मुलींच्या शाळेत शिकवते. कृष्णा इथंही आहे, वाईहून आलेली. पहिल्या वर्षी मी रोज संध्याकाळी घाटावर जायचे आणि पाण्याकडे बघत वाई आठवायचे. पण आठवायची ती कडब्याची गंज. मला पुढे मूल झालं नाही. हे मी एकदाच लिहिते.

आमच्या आळीतल्या ज्या बायका आता मिरजेला, पुण्याला, मुंबईला नवऱ्यांमागे गेल्या आहेत त्यांच्यासाठी, आणि ज्या तिथेच आहेत त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. ताराक्का या ज्येष्ठात वारली. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. मला निरोप मिळाला तोवर दहावा झाला होता. तिच्याविषयी कुणी कुठं काही छापणार नाही. दुसरीचं मूल राहावं म्हणून सहाव्या गर्भारपणात एक बाई दुप्पट पाणी वाहत होती, आणि त्यासाठी तिनं बैलांचा चारा बदलला होता. मी तिच्या आळीतली होते, याचा मला अभिमान आहे. गाव कोणतं असं कुणी विचारलं तर मी आता वाई सांगत नाही.

गेल्या आठवड्यात एक कार्ड आलं. सोनाचं लग्न होऊन वर्ष झालं आहे, तिला आटपाडीला दिलं आहे. कार्डावर तिच्या हातची तीन वाक्यं होती: "काकी, मला तिसरा लागला आहे. लिहू नये म्हणतात पण लिहिते. आई नाही म्हणून तुम्हाला कळवलं." सगळे "ल" आडवे होते.

काल पेठेतून हिरवा खण आणला. चोळी आज बेतली. दंडाला आत कापड सोडलं आहे.