बांगड्या भरणारा हात

आम्ही मनियार. जामखेडात आमचं बांगड्यांचं दुकान. अब्बांचे हात थरथरायला लागले तेव्हा बायकांनी त्यांना फार सांभाळून घेतलं, हे आधी सांगितलं पाहिजे. बांगडी चढवताना खरचटलं तरी "काय न्हाई मामा" म्हणून हसायच्या. पण शेजारच्या सुनेच्या डोहाळजेवणाला हिरवी बांगडी तिच्या मनगटावरच तडकली, रक्त आलं, आणि अब्बांनी शटर ओढलं ते ओढलंच. पोटुशी असलेल्या पोरीच्या हातात काच फुटावी, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. बशी तोंडापर्यंत नीट जाईना म्हणून चहासुद्धा सोडला.

गोळ्यांनी गुण येईना. मी त्यांना केडगावला माझ्या घरी आणलं, नगरच्या डॉक्टरांनी पुण्याला धाडलं. तिथले डॉक्टर म्हणाले, कवटी उघडायची नाही. बाहेरून किरणं सोडायची, मेंदूतल्या एका बारीकशा जागेवर. पण आत्ता एकाच हातासाठी, आणि गुण यायला काही महिने लागतील. कोणता हात?

"उजवा," अब्बा लगेच म्हणाले. "बांगडी उजव्यानं सरकवतो मी."

जेवणही त्याच हातानं, पण त्याचं नावसुद्धा काढलं नाही. मला रडू आलं, आणि रागही आला.

डोक्याला चौकट आवळून ते यंत्रात गेले. सगळा वेळ जागे होते. बाहेर आले ते कपाळावर चौकटीच्या स्क्रूच्या खुणा घेऊन, एवढंच.

जामखेडला परतलो तर गल्लीतल्या बायका ओट्यावर हजर, हात पुढे करून! मामांची पहिली बांगडी कुणाच्या हातात, यावरून त्यांच्यात चढाओढ. "टाका न्हाई, पट्टी न्हाई, मंग केलं काय?" म्हणत एक म्हातारी अब्बांची टोपी वर करून बघायला लागली.

"आज पेरलं की उद्या कणीस मागता का?" मी खेकसले.

पण अब्बांनाच कुठे धीर होता? त्यांनी बांगडी उचलली, ती बोटांतच नाचली आणि फरशीवर फुटली. "वाया गेलं समदं," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. बायका काचा वेचून गेल्या. त्यांच्यावर ओरडल्याचं मला फार वाईट वाटलं.

महिने गेले. एका सकाळी अम्मीनं सवयीनं बशीत चहा ओतला, आणि अब्बांनी ती उजव्या हातानं उचलून प्यायली. थेंब सांडला नाही. अम्मीनं पुन्हा ओतला.

दुकान उघडलं त्या दिवशी ती शेजारची सून आली, बाळ सासूकडे ठेवून. तोच हात तिनं पुढे केला.

"मामा, हिरव्याच भरा."

"डावा अजून हलतोय, पोरी. दुसरीकडं भर."

"डावा मी धरते की. तुमी भरा."

मोकळ्या हातानं तिनं अब्बांचं डावं मनगट पक्कं धरलं. एकेक बांगडी सरकत गेली. मग तिनं दुसरा हात दिला, तोही भरला.

बांगड्या भरून झाल्या की बाई मनियाराच्या पाया पडते, तशी ती वाकली. अब्बांनी आशीर्वादाला उजवा हात उचलला. तो स्थिर होता. उठून तिनं त्यांचा डावा आपल्या दोन्ही हातांत धरला. तो थरथरत होता, तशा तिच्या हिरव्या बांगड्या किणकिणत होत्या. एकही फुटली नाही.