त्याचा चुना आणि माझा

माझा आतेभाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान. कॉलेजात असताना तो आमच्या घरी राहिला आणि रसायनशास्त्र माझ्याकडून शिकला. समीकरणांत दोन्ही बाजू जुळवताना त्याची फार गडबड व्हायची. मी त्याच्या डोक्यावर टपली मारून, तमिळमधे धाकट्या भावाला म्हणतात तशी हाक मारून सांगायचो, "तंबी, डावीकडचं उजवीकडे गेलंच पाहिजे. मधल्यामधे गिळायचं नाही." मग त्याला मद्रासला मेडिकलची जागा मिळाली. मी तंजावूरच्या कॉलेजात रसायनाचा अध्यापक झालो आणि इथेच राहिलो. संशोधन करायची माझी इच्छा होती. ती मी वर्गातले क्षार ओळखण्याच्या प्रयोगांत, परीक्षानळ्या धुवून घेण्यात घालवली.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला तो भूल देण्याचं शिक्षण पुरं करून गावी परतला आणि इथल्या इस्पितळात लागला. घरच्या लग्नकार्यात आता लोक त्याच्याभोवती बसायचे. ओरत्तनाडूचे, पापनाशमचे नातेवाईक त्याला विचारायचे, भूल दिल्यावर माणूस कुठे जातो? मी एकदा पंगतीत म्हणालो, "डॉक्टर कसला, माणसं झोपवतो!" त्यानं सांबार वाढून घेत शांतपणे उत्तर दिलं, "अण्णा, तू वर्गात फुकट करतोस, तेच मी गॅस देऊन करतो." सगळी पंगत हसली. मीही हसलो, पण त्याच्याकडे न बघता.

एका रविवारी तो रुमालात मूठभर पांढरे खडे बांधून आला. भूल देताना रोग्याचा श्वास रबरी पिशवीत जातो आणि तिथूनच परत त्याच्या छातीत येतो. मधल्या डब्यात चुन्याचे खडे असतात. श्वासातला कार्बन डायऑक्साइड ते धरून ठेवतात, म्हणून तीच हवा पुन्हा घेता येते. हे खडे परदेशाहून डब्यांतून येत. आता येणं जवळजवळ बंद झालं होतं.

"तू केमिस्ट्रीवाला," तो म्हणाला. "आपण इथंच करू. चुना आपल्याकडे कमी आहे का?"

आपण, असं तो म्हणाला होता. मी म्हणालो, "तू तुझा कर, मी माझा करतो. बघू कुणाचा टिकतो."

त्याला ही गंमत वाटली. मला वाटली नव्हती. त्याच्याआधी आपल्या हातून काहीतरी नवं व्हावं, आणि ते त्यालाच वापरावं लागावं, एवढंच मला हवं होतं.

समुद्राकडून येणाऱ्या शिंपल्यांचा चुना आम्ही दोघांनी घेतला. त्यात थोडा कॉस्टिक सोडा घालून लगदा केला, थापला, कापला, चाळला. इथवर दोघांचं सारखं. पुढं मी माझे खडे प्रयोगशाळेच्या भट्टीत घातले. वजन घटायचं थांबेपर्यंत पदार्थ वाळवायचा, हे मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवत आलो होतो. ओल म्हणजे निष्काळजीपणा. माझे खडे तांदळासारखे शुभ्र निघाले, कडक, बोटाला भुकटी न लागणारे. त्याच्याकडे भट्टी नव्हती. त्यानं सुपात पसरून सावलीत ठेवले, हाताला चिकटेनासे झाल्यावर डब्यात भरून झाकण लावलं. मी ते पाहून म्हणालो, "हे चुन्याचे खडे का ओले सांडगे?"

"सांडगे तर सांडगे. तळून तर खायचे नाहीत," तो म्हणाला.

रोग्यावर वापरण्याआधी आपण स्वतः त्यातून श्वास ओढून पाहायचं, हे त्यानं ठरवलं. एका दुपारी इस्पितळातल्या मोकळ्या खोलीत तो टेबलावर आडवा झाला. भूल नाही, नुसता ऑक्सिजन. डब्यात त्याचा चुना. मुखवटा त्यानं स्वतःच तोंडावर धरला आणि मला म्हणाला, "नाडी धर. चुना काम करत नसला तर आधी कान लाल होतील, घाम येईल, मी धापा टाकीन. मग काढ."

मी त्याचं मनगट धरलं. पिशवी फुगत होती, बसत होती. मी त्याच्या कानांकडे पाहत होतो. आणि मला ते लाल व्हायला हवे होते.

त्याला काही व्हावं असं नव्हतं, असं मी पुढं किती वेळा स्वतःला समजावलं. फक्त थोडा घाम, थोडी धाप. पण लहानपणी ज्याला मी सायकल शिकवली, तो माझ्यावर विसंबून आडवा पडला होता. माझी बोटं त्याच्या नाडीवर होती आणि ती पळावी म्हणून मी वाट पाहत होतो. ती पळाली नाही. त्याचे कान होते तसेच राहिले. डबा हाताला गरम लागू लागला, म्हणजे चुना काम करत होता. पळत होती ती माझी नाडी.

तो उठून बसला. "आता तुझा."

"माझा मीच ओढतो," मी म्हणालो.

थोडा वेळ बरं वाटलं. मग कपाळ ठणकू लागलं, श्वास पुरेना. डबा थंडच होता. मी मुखवटा आणखी घट्ट दाबून धरला. शेवटी त्यानंच तो ओढून काढला. "अय्यो, पोदुम, अण्णा! बस झालं! स्वतःला मारतोस काय?"

तो मला घरी सोडायला आला आणि झोपाळ्यावर बसला. माझं तोंड उतरलेलं होतं. बायकोनं पानाचं तबक पुढं केलं. डबीतला चुना सुकून तडकला होता. मी बोटानं खरवडू लागलो, तर ती म्हणाली, "थांबा की जरा. कोरडा चुना पानाला लागतो का?" तिनं तांब्यातून दोन थेंब पाणी डबीत सोडलं.

माझं बोट तिथंच राहिलं. दरवर्षी मी वर्गात नळीतून चुन्याच्या निवळीत फुंकर घालतो आणि ती दुधाळ होते. पाणी असतं म्हणूनच ना? वायू आधी ओलीत विरघळतो, मग चुना त्याला धरतो. मी भट्टीत चुन्याचे हातच काढून टाकले होते.

"ओल," मी म्हणालो. "माझ्यात ओल नव्हती."

तो झोपाळ्यावरून ताडकन उठला. "वहिनी, ऐकलंत? हे मला कळलंच नसतं! माझं जमलं ते नशिबानं. का जमलं ते अण्णानं शोधलं."

"शोधलं कसलं, भाओजी," बायको म्हणाली, "रोज पान खातात ते."

मी माझ्या खड्यांवर मापून पाणी शिंपडलं, डबे बंद ठेवले, आणि ते चालले. पुढं इस्पितळात तसेच खडे वापरले गेले. त्यानं त्यावर शोधनिबंध लिहिला तेव्हा माझं नाव आधी घातलं. मी नको म्हणालो नाही. छापून आलेलं माझं नाव पाहिलं, आणि त्यातही मला त्याचा मोठेपणाच दिसला. तेही सहन झालं नाही.

परवा आत्याच्या श्राद्धाला सगळे जमले होते. जेवणं झाल्यावर कुणीतरी चुन्याची गोष्ट काढली. ती तो नेहमीच रंगवून सांगतो.

"मी टेबलावर मजेत पडलेलो," तो म्हणाला, "आणि अण्णाचा हात थरथरतोय. डोळे माझ्या तोंडावरून हलत नाहीत. घाम माझ्याऐवजी ह्यालाच फुटलेला. सख्खा भाऊ असता तरी इतका घाबरला नसता."

सगळे माझ्याकडे वळून मायेनं पाहू लागले. तोही पाहत होता. त्याचे कान आता पिकल्या केसांत अर्धे झाकलेले असतात. मला अजून आधी तेच दिसतात.

"तुझाच हात गार होता, म्हणून माझा थरथरला," मी म्हणालो.

सगळे हसले. त्यानं विडा बांधून माझ्या हातात दिला.