बोटांखालची चुरचुर

ती दुपार मला पाण्याखालून पाहिल्यासारखी आठवते. लासलगावहून नाशिकला परतत होतो. भावाची नवी गाडी, सीटवरचं प्लास्टिकही अजून काढलेलं नव्हतं. काचेबाहेर कांद्याचे ट्रॅक्टर आवाज न करता मागे सरकत होते. वास्तुशांतीचं जेवण जास्त झालं होतं आणि माझ्या नवऱ्याला मळमळत होतं.

"दाजी, सीट नवीन आहे हं!" भाऊ आरशात बघून हसला.

हे भिडस्त. ओठ घट्ट मिटून उलटी दाबत राहिले. विंचूरपाशी गाडी थांबवली तेव्हा उलटी एकदम उसळली, आणि हे छाती धरून रस्त्याकडेला बसले.

नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. ईसीजी नीट आला. तरुण डॉक्टर म्हणाले, ॲसिडिटी असेल. मी यांची मान चोळत होते, तर बोटांखाली चुरचुरलं. कातडीखाली कुणी कुरमुरे पसरले असावेत तसं.

"डॉक्टर, इथे हात लावा."

"ताई, इंजेक्शन दिलंय, थोडा वेळ..."

"आधी हात लावा."

त्यांनी दाबलं. पुन्हा दाबलं. "आधी दुखलं की आधी उलटी?"

"उलटी. बराच वेळ दाबून धरलेली."

पडद्यावर उमटणारं औषध गिळायला लावून स्कॅन केला. मोठ्या सर्जननी पडद्यावर दाखवलं: दाबलेल्या उलटीच्या जोराने अन्ननलिका खालच्या टोकाला फाटली होती, औषध छातीत सांडत होतं. मानेत चुरचुरली ती तिथून सुटलेली हवा. "आत्ताच छाती उघडून शिवावं लागेल. उशीर केला तर वाचणार नाहीत."

मी सही केली. भाऊ रडायला लागला, त्याला रक्त आणायला पिटाळलं.

मग वेळ सैल झाला. कॉरिडॉरमध्ये माणसं तरंगत येत, तरंगत जात. फरशीवरचं ऊन माझ्या पायांवरून पुढे गेलं, भिंतीवर चढलं, विरलं. कुणीतरी म्हणालं, "शिवलंय. टाके धरले का, ते आठवड्याने कळेल."

तो आठवडा यांच्या तोंडात थेंबही नाही. पोटातल्या नळीतून पातळ अन्न जाई, छातीतल्या नळीतून गढूळ पाणी येई. मी दोन्ही मोजत बसे आणि मोजता मोजता कुठेतरी वाहत जाई.

आठव्या दिवशी पुन्हा औषध पाजलं. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर एक रेघ संथपणे खाली उतरली. सरळ पोटात. बाजूला काही सांडलं नाही.

"शी! काय घाण चव आहे गं," हे पुटपुटले.

"गिळा," मी म्हटलं. "सगळं गिळा."