पिक्चरमधलं रक्त

माझे बाबा, जनू, मूत्राशयाच्या कॅन्सरने गेले. रोग कळायला निदान वर्षभर उशीर झाला. त्यातला एक अख्खा महिना मी त्यांच्याच घरात राहत होते, रक्त माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी त्याला रक्त म्हटलं नाही. कसं ते सांगायचं तर एका भुताच्या पिक्चरपासून सुरुवात करावी लागते. कुणाला हसू आलं तर येऊ दे.

मी आठ वर्षांची होते. बारवी धरणाच्या रस्त्यावर आमचं गाव. गणपतीत चंदूकाकाने उल्हासनगरहून व्हीसीआर भाड्याने आणला आणि भरदुपारी खिडक्यांना गोधड्या लावून आम्हा पोराटोरांना समोर बसवलं. पिक्चरमध्ये एक नवी नवरी तोंड धुवायला नळ उघडते. नळ आधी घर्रर्र करून खोकतो, मग त्यातून जाड लाल रक्त येतं. ती हात झटकत राहते आणि हात आणखीच लाल होत जातात. पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही, मी आईच्या पदरात तोंड खुपसलं होतं.

पंचाईत अशी की आमच्या घरचा नळही पाणी यायच्या आधी तस्साच खोकायचा. दुसऱ्या दिवसापासून नळाचा आवाज आला की मी ओसरीवर पळायची. आई, म्हणजे वेणू, बडबड करत कळश्या एकटी भरायची. तिसऱ्या दिवशी बाबा पहिली पाळी करून घरी आले ते कोपरापर्यंत लाल हात घेऊन. माझी बोबडीच वळली.

बाबा आनंदनगरला रंगाच्या कंपनीत होते. भुकटीच्या गोणी फोडायच्या, टाकीत ओतायच्या, वर ढवळायचं. मास्क मिळायचा, पण उन्हाळ्यात तो लावून जीव गुदमरतो म्हणून सगळे गळ्यात अडकवून ठेवायचे. कंपनीत जो रंग चालू, तो त्यांच्या अंगावर. घाम पिवळा, थुंकी हिरवी, उशीचा अभ्रा जांभळा. लघवीलाही रंग उतरतो, असं तिथले सगळेच सांगायचे आणि त्यावर हसायचे.

मी का घाबरले ते आईकडून कळल्यावर बाबा पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी कागदाच्या पुडीत चिमूटभर भुकटी घेऊन आले. मोरीत बसून तांब्यात कालवली आणि माझे दोन्ही हात त्यात बुडवले.

"बग, झाला ना खून? रंग हाय गो पोरी. पिक्चरवाले आमच्याच कंपनीतून नेतात."

ते शेवटचं वाक्य शुद्ध थाप होती. पण माझी भीती पळाली, आणि ती थाप बाबांना फार आवडली. पुढची दहा वर्षं गावात कुठेही पिक्चर लागला, की पोरं बाबांना मध्ये बसवायची. पडद्यावर मुडदा पडला की बाबा तज्ज्ञासारखी मान हलवायचे. "ह्यो माल आमचा नाय. पातळ हाय." किंकाळीच्या जागी हशा पिकायचा. रात्री कुणाचं पोर दचकून उठलं तर आया सांगायच्या, जनूकाकाचा रंग होता तो, झोप. माझा धाकटा भाऊ धर्मेश तर असा वाढला की त्याला पडद्यावरच्या रक्ताची कधी भीती अशी वाटलीच नाही.

त्या रंगात माझे हात आठ दिवस लाल होते. शाळेत बाईंनी रागावून विचारलं तेव्हा मी केवढा भाव खाल्ला होता. आता माझ्या मुलीचे हात धुताना ती पुडी आठवते आणि मी ते पुन्हा एकदा साबणाने चोळते. त्या भुकटीने कॅन्सर होतो हे बाबांना माहीत नव्हतं. कंपनीत ज्यांना माहीत होतं त्यांनी सांगितलं नाही, आणि त्यांच्याबद्दलचा माझा राग अजून तसाच आहे.

लग्न होऊन मी शिरगावला आले. आईचा हात मोडला म्हणून एका पावसाळ्यात महिनाभर माहेरी राहिले होते. एका सकाळी संडासात बाबांच्या पाठोपाठ गेले, तर भांड्याच्या कडेला लाल ओघळ. मी विचारलं.

"रंग हाय गो," बाबा म्हणाले. "तू अजून घाबरतंस काय?"

मी हसले. चक्क हसले, आणि बादलीभर पाणी ओतून आले. मग अंगणात जाऊन त्यांचे बनियन धुवायला बसले. बनियन निळे होते. महिनाभर मी रोज निळे बनियन धुतले, निळं पाणी गटारात जाताना पाहिलं. कंपनीत निळा चालू असताना माणसाच्या अंगातून लाल कसा उतरेल, एवढा साधा प्रश्न पदवी घेतलेल्या मला पडला नाही. बाबा रंग म्हणाले, म्हणजे रंग.

पुढच्या वर्षी बाबा कामावरच चक्कर येऊन पडले तेव्हा डॉक्टर गाठले. डॉक्टरांनी विचारलं, रक्त कधीपासून जातंय? बाबा म्हणाले, "झालं असंल दोनेक महिने." मला ते निळे बनियन तिथे, त्या खुर्चीत आठवले. मी म्हणाले, "नाही डॉक्टर, गेल्या पावसाळ्यात मी स्वतः पाहिलंय." बाबांनी माझ्याकडे असं रागाने पाहिलं की जणू मी त्यांची चुगली केली होती. ऑपरेशन झालं, बाबा रिटायर झाले, त्यांच्या जागी धर्मेश लागला, पण रोग हाडांत गेला होता.

शेवटच्या दिवसांत एका दुपारी मी न राहवून विचारलं, "बाबा, तुम्हाला तो खरंच रंग वाटला होता?"

"पयल्यांदा वाटला," ते म्हणाले. "मंग नाय."

"मग बोलला का नाहीत?"

"धर्मेशचा नंबर लागायचा व्हता. मी रिटायर व्हतो तवा माज्या जागी पोराला घेतो, असा सायबानी शब्द दिलेला. आजारी म्हणून काढला असता तर शब्द कसला नि जागा कसली? त्याला घेतला, मंग मी मोकला."

धर्मेश दारात शहाळं घेऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. आत येऊन त्याने शहाळं सोललं, बाबांना नळीने पाजलं, आणि बाहेर गेला. त्यानंतर बाराव्या दिवशी बाबा गेले. कंपनीने हार पाठवला.

धर्मेश त्याच शेडमध्ये आहे. सहा वर्षं झाली. आता मास्क बरे मिळतात, हातमोजे मिळतात, असं तो सांगतो. गेल्या महिन्यात मी लॅबमधून लघवीच्या तपासणीची डबी आणून त्याच्या हातात दिली. दोन आठवड्यांनी गेले, तर डबी फ्रिजवर कोरीच. मी आवाज चढवला, बाबांचं नाव काढलं, रडले. त्याची बायको ऋता त्यांच्या तान्ह्या बाळाला घेऊन आतल्या खोलीत गेली.

धर्मेश बुटांची नाडी बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "ताई, समज, मी दिली डबी. समज, त्यात काही निघालं. मग उद्या कामाला जाऊ का नको जाऊ, तेवढं तू सांग."

मी फ्रिजवरची डबी उचलली आणि परत तिथेच ठेवली. त्याची दुपारची पाळी होती. बस चुकेल म्हणाला आणि गेला.